धवल्याची चाल

जुना रेडिओ तापला की धुळीचा करपट वास येतो, आणि मी पनवेलच्या बाजारातल्या हॉटेलापाशी आईशेजारी उभी असते. एकट्याने वाजवलेल्या जगावेगळ्या मैफलींनी दादाचं नाव पुढे झालं. त्या दिवसांत मात्र तो मुंबईला सिनेमाच्या गाण्यांत मेंडोलिन, क्लॅरिनेट, सांगतील ते वाजवायचा.

हॉटेलातल्या रेडिओवर गाणं लागलं होतं. दोन कडव्यांमध्ये मेंडोलिन वाजलं आणि आईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. आमच्या गव्हाण गावच्या लग्नांत ती धवले, म्हणजे लग्न लावायची गाणी, गायची. ही तिचीच चाल होती.

"माजा पोऱ्या वाजवतोय!"

हॉटेलवाला हसला. "रेडिओवर त्याचं नाव तर नाही सांगितलं, मावशी."

आईने पदर खोचला. "माजं तरी कंच्या पत्रिकेत छापतात? पन माज्याबिगर लगीन लागतं काय?"