भर दुपारची बॅटरी

धुळ्याच्या एसटी स्टँडवर एक अनोळखी बाई बॅटरीसाठी सेल घेत होती. मी नवी नवरी, सासरी फैजपूरला निघालेली, मागे उभी होते. दुकानदार म्हणाला, "अक्का, स्वस्तातले टिकत नाहीत. हे महागाचे घ्या."

"लावीसन दखाड."

"भर दुपारी बॅटरी लावून काय दिसणार?" भोवतालचे पुरुष हसले.

तिनं डोक्यावरचा पदर थेट छातीपर्यंत ओढला. बाई लाजली, असंच सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात लुगड्याच्या आत लाल उजेड पडला. बाईनं स्वतःपुरता अंधार केला होता! महागाचे सेल पाहून झाले, मग स्वस्तातले, मग पुन्हा महागाचे.

आमच्या गाडीचा कंडक्टर ओरडला, "अक्का, गाडी सुटतेय!"

पदराआडून उत्तर आलं, "सुटू दे. उतरीसन अंधारामा शेतमाईन वाटवरतीन मी एकलीच जासू. तठे तू येशी का उजेड दखाडाले?"

कोणी हसलं नाही. कंडक्टरनं घंटीही दिली नाही. "उजेड सारखाच शे," म्हणत तिनं महागाचे सेल परत केले, स्वस्तातले घातले आणि सावकाश गाडीत चढली.

संध्याकाळी सासरच्या दारात सासूबाई म्हणाल्या, "पदर ओढ पुढं, माणसं बसलीत." मी ओढला, आणि आत डोळे सताड उघडे ठेवले.