निळ्या रेघेच्या आतलं घर

पुराला आमच्या व्याह्यांइतका भिणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हे गृहस्थ राहतात पाथर्डी तालुक्यात, जिथं उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. त्यांच्याकडं टीव्ही इतका उंच टांगलेला की बातम्या बघून मान धरते. फ्रिज चौथऱ्यावर. पाहुण्यांच्या कॉटच्या पायांखाली विटा; माझी बायको पहिल्यांदा तिथं मुक्कामाला गेली तेव्हा स्टूल मागून कॉटवर चढली. मी न राहवून विचारलं, "पाव्हणं, तुमच्या वढ्यात चिमणी न्हायला पानी न्हाई, पूर यायचा कुठनं?" तर म्हणाले, "म्हनूनच भ्या वाटतं. रोज येनाऱ्याची येळ ठाव असती. ह्यो कवा यील, काय सांगावं?"

मुलाला घेऊन माझी मुलगी बघायला नगरला आले, तेव्हा पत्रिकेचं नाव काढलं नाही. पोह्यांची बशी हातात धरून दारातून सीना नदीकडं बघत बसले. मुलगी चहा घेऊन आली तरी मान वळेना. शेवटी म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पर घर निळ्या रेघंच्या आत का भायेर?" निळी रेघ म्हणजे सरकारनं नकाशावर आखलेली पूररेषा. तिच्या आत नदी कधीही येऊ शकते, म्हणून नवं बांधकाम करू देत नाहीत. आमचं घर त्या रेघेच्या आधीचं, आणि पुरतं आत. बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली, "आवो, पोरगी तुमच्याकडं नांदाया येनार. रेघ हितंच राहनार!" हे त्यांना पटलं आणि लग्न ठरलं. पहिल्या दिवाळसणाला जावयासाठी अंगठी केली, ती व्याह्यांनी परत माझ्या हातात ठेवली. "ही मोडा आन् घराचा इमा उतरवा. आतल्या सामानाचाबी. पुराचा हाय का इचारून घ्या, न्हाईतर नुसता आगीचा गळ्यात पडायचा." मी शिव्या देत उतरवला. पुढं दर वर्षी बायको आठवणीनं हप्ता भरायला लावायची. तिला हा माणूस आवडायचा. पुरणपोळी मागून खातो, एवढं तिला पुरे होतं.

मग ती गेली. लोक म्हणाले, दिवस जातील तसं कमी होईल. काही कमी झालं नाही. तिच्या वर्षश्राद्धाला दोन दिवस राहिले आणि सीना घरात शिरली, गुडघाभर. संध्याकाळी ओसरली, ती गाद्या, कपाट, फ्रिज, सगळ्यात चिखल भरून. मी मुलीला फोन लावला, तर उचलला व्याह्यांनी. "कशाला हात लावू नका! चमचाबी हालवू नका! इमा कंपनीचा सर्वेअर येऊन बघू द्या, मगच झाडू मारा. न्हाईतर क्लेम गेला."

"परवा हिचं वरीस हाय. बामन काय चिखलात बसवू?"

तरी "हात लावू नका," म्हणाले आणि फोन ठेवला. तो क्लेम बुडाला तर मला नवी गादीसुद्धा परवडणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मुलगी-जावयाला घेऊन आले. आल्या आल्या मोबाईलवर फोटो काढत सुटले. एकेक खोली करत स्वयंपाकघरात गेले आणि तिथनं लवकर बाहेर येईनात. आले ते धोतर वर खोचूनच. "फावडं कुठंय?"

जावई म्हणाला, "आबा, आन् सर्वेअर?"

"त्याला इहीनबाई ठाव हुत्या का? दे फावडं हिकडं."

अंधार पडेपर्यंत चिखल ओढला, भिजलेलं सामान कचऱ्याच्या गाडीत घातलं, फरशा घासल्या. मला बादलीसुद्धा उचलू दिली नाही. श्राद्धाच्या दिवशी घर असं चकचकीत, की ती असती तर म्हणाली असती, पाव्हण्याला कामाला लावलं व्हय! पानं वाढली आणि सर्वेअर दारात. चारी बाजूंनी बघून विचारतो, "काका, नुकसान कुठंय?"

"आदी जेवा," व्याही म्हणाले. "आज आमच्या इहीनबाईंचं वरीस हाय."

जेवला बिचारा. मग फोटो बघितले, तर जवळजवळ सगळ्यांत व्याह्यांचा अंगठा. "ह्यात मला अंगठा दिसतोय, काका. चिखल न्हाई." त्यानं दिसलं ते लिहून घेतलं. क्लेम काही मिळाला नाही. त्याला तरी काय बोलायचं.

सगळे पांगल्यावर व्याही स्वयंपाकघरात गेले आणि कंबर धरून खाली बसले. चुलीजवळच्या भिंतीला तेलकट डाग आहे. भाकरी झाल्या की बायको तिथं पाठ टेकायची. वर्षभर त्या जागी मी बसलो नव्हतो, मुलगीही बसली नव्हती. व्याह्यांनी नेमकी तिथंच पाठ टेकली आणि डोळे मिटले. मुलगी त्यांना उठवायला पुढं झाली. मी नको म्हणून मान हलवली. दमला होता माणूस. म्हटलं, बसू दे.