राजा म्हणाला नाही

माझे कान तिखट होते आणि त्याचा मला भारी माज होता. आंदर मावळातल्या आमच्या शाळेत पंचवीसेक पोरं आणि मास्तर एकच. शाळा म्हणजे चावडीला लागून असलेली मातीच्या भिंतींची एक खोली. आषाढात झड लागली की आत पाटीवरचं अक्षर दिसेना व्हायचं. मग मास्तर पुस्तक मिटायचे आणि ‘राजा म्हणतो’ सुरू करायचे.

खेळ साधा. मास्तर म्हणाले, "राजा म्हणतो, उठा," की उठायचं. नुसतं "उठा" म्हणाले तर जागचं हलायचं नाही. हलला तो बाद. आमचं लक्ष पक्कं व्हावं म्हणून मास्तर पावसाच्या आवाजात मुद्दाम हळू बोलायचे, नाहीतर फसवायला एकदम ओरडायचे, "साप आला!", "दिपोटी आले!" शाळा तपासणाऱ्या दिपोटींचा धाक एवढा, की निम्मी पोरं तिथंच उठून बाद व्हायची. मी नाही. जिंकणाऱ्याला शाळा सुटल्याची घंटा वाजवायला मिळे, आणि ती मी दुसऱ्या कुणाच्या हाती क्वचितच लागू दिली.

त्या वर्षी माझा सहा वर्षांचा भाऊ शाळेत आला. रोज सगळ्यांत आधी तोच बाद व्हायचा. पोरं मला चिडवायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी मी त्याला मागच्या भिंतीशी माझ्याजवळ बसवलं. "आज हाललास तर बघ," म्हणून दम भरला.

झडीचा चौथा दिवस होता. खेळ रंगात आला होता. बोलता बोलता मास्तर थांबले. ते आमच्या डोक्यावरून मागं बघत होते. मग ओरडले, "उठा! बाहेर पळा!"

कुणीच हललं नाही. दोघीतिघी हसल्या. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आज सोंग झकास वठलंय.

"अरे पळा! भिंत!" पुढच्या पोरांना दंडाला धरून ते दाराकडे ढकलू लागले. माझ्या मानेवर मातीचे खडे पडले. भाऊ उठला. मी त्याचा सदरा मागून गच्च धरला.

"बस खाली. बाद व्हशील."

"आक्का, भित हालतीया."

"राजा म्हनला न्हाई अजून."

तेव्हा कुठं मास्तरांच्या ध्यानात आलं. "राजा म्हणतो, पळा!" ते किंचाळले. सगळी शाळा एका दमात उठली. मीही. सदरा सोडला आणि थेट दार गाठलं. भावाचा हात धरायचं सुचलंच नाही. मागं वळून पाहिलं तेव्हा भिंत बसली होती.

गावानं त्याला मातीतून काढला. जीव वाचला, डावा पाय मात्र पुढं कधी सरळ झाला नाही.

संध्याकाळी मास्तर भिजल्या धोतरानं घरी आले. "चूक माझी आहे. पोरांना ती सवय मीच लावली," म्हणत आबांपुढं रडले. आईनं चिखलानं भरलेला सदरा उचलला. तो मागून उभा फाटला होता.

"कुनी धरलं व्हतं का रं तुला?"

भावानं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई. खिळ्याला आडाकला."

शाळेच्या मागच्या भिंतीला कुठंही खिळा नव्हता, हे मास्तरांना ठाऊक होतं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग तसेच निघून गेले. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा जास्त, सुटले असं वाटलं.