डाळीची फोडणी आणि बांधावरचा फणस

आता हे कुठल्या तोंडाने सांगू! पण माझा गाढवपणा दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो.

बाळा आणि दाजी हे माझे चुलतभाऊ. एकमेकांचे सख्खे, आणि तीन वर्षं अबोला. कारण? दोघांच्या सामाईक बांधावरचा फणस! यंदा तर दाजी वेगळा गणपती आणायला निघाला. आमच्या घराण्यात गणपती एकच, मूळ घरातला, म्हणजे बाळाकडचा. पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून चतुर्थीच्या आधी मी दोघांना जेवायला बोलावलं.

बायकोने सकाळीच बजावलं, "तुमी निसती डाळीक फोडणी घाला. भांडणाक नको."

जन्मभर कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला हे सांगायचं? फोडणी कढईत पडते तशी भांडणातही पडते, हे का मला ठाऊक नाही?

ती केळीची पानं कापायला परसात गेली. मी कढईत तेल तापत ठेवलं आणि दोघे येऊन बसले होते त्या ओटीवर डोकावलो. पाहतो तर काय! बाळा म्हणत होता, "जावंदे रे. झाला गेला गंगेक मिळाला."

दाजीचे डोळे भरलेले. "गणपती मूळ घराकच येतलो," तो म्हणाला.

मिटलं होतं हो! शहाणा माणूस मोहरी टाकायला परत गेला असता.

पण मागचे कागद वाचल्याशिवाय प्रकरण निकाली काढायचं नाही, ही माझी हाडीमाशी खिळलेली सवय. तीन वर्षांत कोण कोणाला काय बोललं, ते मी तारीखवार लिहून ठेवलं होतं. वही काढली.

"अण्णा, ता कित्याक आता?" बाळा घाबरला.

"नोंदीसाठी," म्हणालो आणि वाचू लागलो. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा... तिसऱ्यात बाळाचे शब्द: 'बांधावरचो फणस कापो, पण दाजीचो मेंदू बरको. नुसतो गिळगिळीत.'

हे दाजीला माहीतच नव्हतं.

"माज्या पाठसून तू ह्या बोललंस?"

"बोललंय! आता तोंडार बोलतंय!"

"अहो, तेल पेटला!" बायको परसातून ओरडत आली.

झाकण टाकून तिने कढई विझवली. ओटी काही विझली नाही. दोघे उपाशीच गेले.

वाडीत यंदा आमचे गणपती दोन आले. मी दोन्हीकडे आरतीला गेलो, जेवलो. बाळाकडे माझ्या पानात बिनफोडणीची डाळ. विचारलं, तर त्याची बायको म्हणाली, "तुमी इलास मां, अण्णानू. आणि वेगळी फोडणी कित्याक?"

दाजीकडे गेलो. तिथेही डाळ बिनफोडणीचीच.

तीन वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेला हा एवढाच मुद्दा. तो मात्र मी वहीत घेतला नाही.