चालू नेटची दुरुस्ती

मंडळी, आज सकाळी आमच्या कराडच्या घरी काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात नेट तासभर बंद होतं म्हणून मी तक्रार केली होती. ते आपोआप सुरू झालं आणि तेव्हापासून लय भारी पळतंय. आज कंपनीचा माणूस दारात!

म्हटलं, “आवं दादा, नेट चालू हाय. अकराला लेकीची ऑनलाइन मुलाखत हाय, हात लावू नका.”

“ताई, दुरुस्ती केल्याबिगर तक्रार बंद होत न्हाई,” म्हणत त्यानं वायर काढून परत बसवली. लाल दिवा लागला. “होईल चालू,” म्हणून तो गेला.

कस्टमर केअरला फोन लावला. “मॅडम, तुमची तक्रार आत्ताच सोडवली आहे. नवीन तक्रार उद्या घेता येईल.”

लेक लॅपटॉप घेऊन शेजारच्या मुल्लाभाभींकडे पळाली. भाभींनी मिक्सर, टीव्ही, सगळं बंद केलं. मुलाखत चांगली झाली म्हणते.

दुपारी कंपनीचा फोन, “आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?”

तो माणूस वेळेवर आला होता, गोड बोलला होता. गोंधळून मी चार दिले. तुम्ही किती दिले असते?