तळहातावरचा वळ

निघण्याआधी तो उजवा तळहात दाखवायचा. त्यावर मधोमध एक लाल रेघ उठलेली असायची.

"वळ उठला, साहेब. निघतो."

दर रविवारी सकाळी हे ठरलेलं. काही लोक घराबाहेर पडताना देवाला हात जोडतात, तसलंच याचं काहीतरी असेल, असं मला वाटायचं. मी पेपरातून मान वर करून "हं" म्हणायचो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या लकबींना आपण हसतो आणि कारण विचारायचं राहून जातं.

तो आमच्या सूत कारखान्यात फिटर होता, मी मेंटेनन्सचा मुख्य. गाव शिरपूरकडचं. इकडे कारखान्याजवळ, आमलीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत नवराबायको राहायचे. खोलीत सायकल मावत नाही म्हणून ती तळमजल्यावर, माझ्या दाराशी उभी असे. जाड टायरची, डोंगरात चालवायची गियरची सायकल. रविवारी तो ती घेऊन खानवेलच्या डोंगराकडे फिरायला जायचा. कारखान्याच्या गेटवर वॉचमन गुजरातीत ओरडायचा, "सायकलवाळा भाई आव्या!" आणि मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "काय भाऊ, मोटरसायकल बंद पडली का?"

चेन घासायला त्याला जुने टूथब्रश लागत. ते तो सगळ्या बिल्डिंगमधून गोळा करायचा. एकदा माझ्या बायकोला त्याने फार अदबीनं विचारलं, "वहिनी, साहेबांचा ब्रश कधी बदलणार?"

"त्यांना दात आहेत रे अजून," ती म्हणाली.

त्याची बायको जिन्यावरून ऐकत होती. "मी तापानं फणफणले होते," ती म्हणाली, "तर हे म्हणे गोळी घेतली का, आणि उत्तर ऐकायच्या आधीच खाली, चेन पुसायला!"

"पण घेतली होती ना गोळी?" त्याने खरोखरच विचारलं.

राखोलीच्या कारखान्यांत सायकलने जाणारे कामगार रविवारी त्याच्याकडे यायचे. तो प्रत्येकाचे ब्रेक, चाकं, नट स्वतः तपासायचा. कुणी म्हणालं, "राहू दे भाऊ, कालच पाहिलंय," तर त्याचं उत्तर तयार असे, "तुम्ही पाह्यलं ते तुमचं. आता मला पाहू द्या."

हेच तो कारखान्यातही करायचा. मी तपासलेलं मशीन पुन्हा तपासायचा. त्याचं बरोबर होतं. पण चार माणसांसमोर तो पान्हा घेऊन माझ्या मागून यायचा, ते मला टोचायचं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं यातून झालं.

एका शनिवारी आमच्याकडे नवीन वॉशिंग मशीन आलं. ते दारातून आत जाईना, सायकल आड येत होती. तो त्या दिवशी कारखान्याच्या बसने कामावर गेला होता. मी सायकलचं पुढचं चाक काढलं, मशीन आत घेतलं आणि चाक परत बसवलं. त्या चाकाला नट नसतो. मधोमध बोटाएवढा एक खटका असतो. तो फिरवायचा नसतो, तळहाताने जोर लावून आडवा दाबायचा असतो. नटांत जन्म गेलेला मी माणूस. मी तो नटासारखा फिरवला, घट्ट लागेपर्यंत, आणि हात पुसले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तो खाली आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "चाक काढावं लागलं होतं रे. बसवलंय परत. पाहिलंय मी."

तो सवयीनं वाकला. हात चाकाकडे गेला.

"अरे, तीस वर्षं मेंटेनन्स केलंय," मी म्हणालो. "सायकलचं चाकही बसवता येत नाही का मला?"

हात तिथेच थांबला. तो ओशाळून हसला. "नाही नाही, साहेब. तुम्ही पाह्यलं म्हणजे झालं."

त्या दिवशी त्याने तळहात दाखवला नाही. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

खानवेलच्या पुढच्या उतारावर एका खड्ड्यात सायकल उडाली आणि पुढचं चाक निघालं. त्याला दवाखान्यात नेण्याचीही वेळ आली नाही, तो जागीच गेला. पोलीस चौकीत मी सायकल ओळखायला गेलो. चाक वेगळं पडलं होतं, खटका उघडा लोंबत होता. हवालदार म्हणाला, "खटका लावलाच नव्हता." मी मान हलवली.

कारखान्यात बोललं गेलं, "लोकांच्या सायकली तपासत फिरायचा, स्वतःची पाहिली नाही." मी गप्प राहिलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण सुरक्षा सप्ताहात कॅन्टीनमध्ये भाषण माझं होतं. मी म्हणालो, "इतका काळजी घेणारा माणूस. पण एक दिवस घाई केली, एक खटका तपासला नाही." पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. तिला मुद्दाम बोलावलं होतं.

चाक मी काढलं होतं हे माझ्या बायकोला ठाऊक होतं. ती कधी काही बोलली नाही. मशीन सुरू झालं की आम्ही दोघंही गप्प बसायचो. गेल्या वर्षी ती गेली. आता हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

मागच्या महिन्यात तिसरा मजला चढलो. त्याची बायको अजून तिथेच राहते, राखोलीला पॅकिंगमध्ये कामाला जाते. सायकल खाटेशेजारी उभी होती. तेव्हा न मावणारी सायकल आता त्या खोलीत मावत होती.

मी सगळं सांगितलं. हात कसा थांबवला तेही.

ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"आठ वर्षं मी फोटोशी भांडतेय, साहेब. जगाचं पाहिलं, एक स्वतःचं पाहता आलं नाही तुम्हाला, म्हणून." तिने डोळे पुसले नाहीत. "मला एकटीला सांगून काय होणार? कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर बोललात ना? तितक्याच मोठ्यानं सांगा."

ते कॅन्टीनमधले लोक आता पांगले. कुणी धुळ्याला, कुणी नंदुरबारला, कुणी कुठे. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर ऐका. त्याने घाई केली नव्हती. तो तपासायला वाकला होता. मी त्याला तपासू दिलं नाही.

मी निघालो तेव्हा ती सायकलपाशी खाली बसली. तिने खटका उघडला, तळहाताने जोर लावून परत दाबला आणि लाल रेघ उठलेला तळहात माझ्यासमोर धरला.

"दर रविवारी तुम्हालाच दाखवायचे ना ते? मी वरून पाहायची," ती म्हणाली. "पाहा आता नीट."