लखनौची आडवी काठी

लखनौ स्टेशनातून बाहेर पडले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी धुकं काही उठायचं नाव घेत नव्हतं. भाची मुग्धा गाडी घेऊन आली होती. तिचा जन्म इथलाच. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. "आत्या, बेल्ट लगा लीजिए," असं म्हणून तिने हॉर्नवर जो तळहात ठेवला, तो त्यांची महानगर नावाची वसाहत येईपर्यंत उचललाच नाही.

निशातगंजच्या पुलावर आमच्यापुढे एक सायकलवाला चालला होता. मागे कपड्यांची भलीमोठी गाठोडी, आणि स्वारी रस्त्याच्या मधोमध. मुग्धाने हॉर्न वाजवून वाजवून माझे कान किटवले. तो ढिम्म हलला नाही.

"देख रही हैं आत्या? जैसे सड़क इन्हीं की हो!"

"त्याचीही आहेच की," मी म्हटलं.

"आप अभी नई हैं यहाँ," ती म्हणाली. मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण प्रवासाने अंग आंबलं होतं.

मी मिरजेची. शाळेत पीटी शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि अजूनही भाजी, बँक, दवाखाना सगळं सायकलवरच करते. लखनौला आले होते ती धाकट्या भावासाठी, म्हणजे मुग्धाच्या वडिलांसाठी. सुहास इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. तरुणपणी एकटा आला, ओळखीचं कुत्रंही नव्हतं, तेव्हा त्याने पहिल्या पगारातून सायकल घेतली आणि तिच्यावरून हे शहर पाठ केलं. तेव्हापासून रोज कामावर सायकलनेच. दिवाळीआधी याच पुलावर मागून आलेल्या एका गाडीचा आरसा त्याला लागला आणि तो पडला. खांद्याजवळचं हाड मोडलं. गाडीवाला थांबलासुद्धा नाही.

हाड जुळलं होतं. माणूस जुळला नव्हता. गरम पाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन सुहास खुर्चीत बसून होता आणि सायकल जिन्याखाली चादरीत गुंडाळलेली होती. रविवारी कबाडीवाला (भंगारवाला) येऊन ती नेणार होता.

"आता नको गं ताई. वय झालं," सुहास म्हणाला.

माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान माणूस मला वय सांगत होता! माझं पित्तच खवळलं. पण ताटात मटारचा निमोना (वाटलेल्या मटारची रस्सा भाजी) आणि गरम भात होता, म्हणून आधी जेवून घेतलं.

जेवण झाल्यावर तो हळूच म्हणाला, "खांदा दुखत नाही आता. पण मागून हॉर्न आला की हात कापतात. चालत असलो तरी."

 माझ्या डोळ्यांदेखत माझा भाऊ म्हातारा होत होता, आणि तो मला तसा नको होता.

दुसऱ्या दिवशी सगळे झोपेत असताना मी चादर काढली आणि सायकल बाहेर घेतली. हिवाळ्यात चौक नावाच्या जुन्या बाजारात सकाळी मक्खन मलाई मिळते हे ऐकून होते, तेव्हा निमित्त आयतंच होतं. जवळच्याच कपूरथळा भागातल्या पंक्चरवाल्याने हवा भरली. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून विचारलं, "कहाँ तक जाइएगा?" चौक म्हटल्यावर त्याने आणखी दोन पंप मारले.

डालीगंजच्या बाजूला एके ठिकाणी सायकलींसाठी वेगळी पट्टी आखलेली आणि तशी पाटीही लावलेली दिसली. मला कोण आनंद झाला! पण पट्टीवर ओळीने मोटारी उभ्या, पुढे भाजीची हातगाडी, तिच्यापुढे रवंथ करत बसलेली म्हैस. म्हशीचं मला काही वाटलं नाही, तिला पाटी वाचता येत नाही. मोटारवाल्यांना येते. मग मी शहाण्यासारखी मोटारींना खेटून, कडेकडेने निघाले. शाळेत मुलांना हेच शिकवलं होतं ना, डावी कड सोडायची नाही म्हणून!

डालीगंजच्या पुलाच्या अलीकडे उभ्या मोटारीचं दार धाडकन उघडलं आणि मी रस्त्यावर. गुडघा सोलवटला, सलवार फाटली. दार उघडणारे गृहस्थ आधी दाराला काही लागलं का ते बघून घेऊन मग माझ्याकडे वळले. "आंटी जी, इस उम्र में साइकिल? घर में बैठिए आराम से."

"घर में ही बैठना होता तो मिरज में नहीं बैठती?" मी ओरडले. माझं हिंदी यथातथाच, पण आवाज मैदानावरचा. दोन चहावाले आणि एक रिक्षावाला उठून उभे राहिले. गृहस्थ दार ओढून आत बसले.

मला हात देऊन उठवलं ते हशमत भाईंनी. साठीचे, डोक्याला मफलर, जुनी काळी सायकल. चौकातल्या दुकानातून चिकनच्या भरतकामाचे कपडे गठरीत (गाठोड्यात) बांधून घरोघरच्या कारागीर बायकांकडे पोचवायचे, झाले की धुवायला न्यायचे, हा त्यांचा धंदा. त्या दिवशी गठरी पोचवून ते रिकामेच परतत होते. तरीही कॅरियरवर एक वेताची काठी आडवी बांधलेली होती, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली.

"कपड़ा तो उतर गया, फिर ये डंडा क्यों?" मी विचारलं.

"डंडा कपड़े के वास्ते थोड़े ही है, बहन जी, हमारे वास्ते है," ते म्हणाले. "आदमी से कोई नहीं बचता. खरोंच (गाडीवरचा ओरखडा) से सब बचते हैं."

मी रस्त्याच्या कडेलाच मोठ्याने हसले. मग ते हसू कुठेतरी अडकलं. सुहासच्या अंगात त्या दिवशी चकाकणारं जाकीट होतं, डोक्यावर शिरस्त्राण होतं. काठी तेवढी नव्हती.

"और किनारा पकड़ के मत चला कीजिए," हशमत भाई म्हणाले. "किनारे पर तो दरवाज़े खुलते हैं. हम लोग बीच में चलते हैं. हॉर्न बजता है, बजने दीजिए. जो हॉर्न बजा रहा है उसने आपको देख लिया है. डरना उससे है जो चुपचाप आ रहा है."

आयुष्यभर शिकवलेलं मी त्या पुलावर विसरले आणि त्यांच्या मागून मधोमध चालवत चौकात पोचले. मागच्या गाड्या बोंबलत होत्या, पण काठीपासून दोन हात लांबून जात होत्या. गोल दरवाजा नावाच्या जुन्या वेशीशी पानाच्या द्रोणात मक्खन मलाई खाल्ली. केशराचा पिवळा फेस, जिभेवर ठेवला की नाहीसा. गुडघा ठणकत होता आणि मी मजेत होते. निघताना हशमत भाईंनी दुकानातून एक वेताची काठी आणून माझ्या कॅरियरवर सुतळीने आवळून बांधली.

घरी वेगळंच रामायण वाट पाहत होतं. माझा गुडघा पाहून माधवी, म्हणजे सुहासची बायको, पांढरी पडली. "ताई, तुम्ही पंधरा दिवसांनी निघून जाल. मला रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसायचंय. त्या दिवशी फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. अजून शिट्टी झाली की मी आधी फोनकडे बघते."

तिचं काही चुकत नव्हतं. मी माफी मागितली, ती मनापासून. पण सायकल परत जिन्याखाली ठेवली नाही. अंगणात ठेवली, काठीसकट. हशमत भाईंचं हॉर्नबद्दलचं म्हणणं सुहासला जसंच्या तसं सांगितलं.  त्याने बाहेर जाऊन सुतळीची गाठ सोडली आणि स्वतःच्या पद्धतीने, मोजूनमापून, पुन्हा बांधली. शास्त्रज्ञ शेवटी!

रविवारी कबाडीवाला आला. सुहासने त्याला वर्तमानपत्रांची रद्दी दिली.

पुढचे दिवस तो सायकलवरून कॉलनीतच फिरला, मी मागून पळत पळत हॉर्नसारखे आवाज काढत. शेजारच्या बाल्कन्या भरून गेल्या. हसू देत. चौथ्या दिवशी त्याचे हात स्थिर झाले. त्या संध्याकाळी माधवीने आपल्या लाल ओढणीच्या दोन चिंध्या काठीच्या टोकांना बांधल्या. "लांबून दिसायला हवं," एवढंच म्हणाली.

माझ्या परतीच्या दिवशी सुहास आधीच, "कामावर जातो," म्हणून पाया पडून गेला. कसा जातो ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागून मुग्धा मला घेऊन स्टेशनकडे निघाली. निशातगंजच्या पुलावर रांग तुंबलेली. ती हॉर्नवर हात ठेवून पुढे पुढे घुसत राहिली, आणि शेवटच्या गाडीला मागे टाकल्यावर समोर दिसल्या लाल चिंध्या. पुलाच्या मधोमध, ताठ पाठीने, माझा भाऊ.

मुग्धाचा हात हॉर्नवरून आपोआप उचलला गेला.

"पापा हैं," ती पुटपुटली. मग मराठीत म्हणाली, "आत्या, तुझी गाडी चुकली तर?"

"चुकू दे."

तिने वेग कमी केला. आम्ही सायकलच्या चालीने मागोमाग निघालो. आमच्यामागे सगळं लखनौ बोंबलत होतं. एकाने खिडकीशी येऊन, "मैडम, चलाना नहीं आता क्या?" म्हणून विचारलं. मुग्धाने काच खाली केली. "आता है," ती म्हणाली, "इसीलिए पीछे चल रही हूँ."

सुहासने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. हात कापत होते का, ते मला दिसलं नाही. पूल मात्र त्याने संपवला.

गाडी मिळाली, धावतपळत. मिरजेत आल्यावर पहिलं काम केलं ते बुरुडाकडे जाण्याचं. आता माझ्याही कॅरियरवर वेताची काठी आहे. बाजारात लोक विचारतात, बाई, हे काय नवीन? मी सांगते, लखनौहून आणलंय. माणसाची किंमत कळेपर्यंत मोटारवाल्यांना गाडीच्या रंगाची काळजी करू दे. तोवर मी मधोमधच चालवणार.